मोहोळची मालदांडी आणि तिचा कडबा

सोलापूर जिल्ह्यात शाळूची गोष्ट निघाली की मालदांडीचं नाव येतंच. तिचा सर्वांत गाजलेला वाण, एम ३५-१, मोहोळचा. १९३० च्या दशकात इथल्या संशोधन केंद्रात शेतकऱ्यांच्याच स्थानिक मालदांडीतून निवड करून तो काढला गेला. दाणा टपोरा, मोत्यासारखा, भाकरी पांढरीशुभ्र. पण या भागातला शेतकरी ज्वारी पारखतो ती नुसती दाण्यावर नाही, कडब्यावरही. मोहोळसारख्या कोरडवाहू तालुक्याचा आर्थिक इतिहास लिहायचा, तर तो कडब्यापासून लिहायला हवा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसाची ओल धरून पेरणी होते. पुढचे चार महिने पीक काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर निघतं. फेब्रुवारीच्या सुमारास काढणी सुरू झाली की ताटं मुळासकट उपटायची, वाळल्यावर कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या आणि त्यांची गंज रचायची. पाऊस आत शिरणार नाही अशी गंज रचणं हे जाणत्या माणसाचंच काम. एम ३५-१ चा कडबा वजनात दाण्याच्या दुपटीहून जास्त भरतो. त्यावर खिलार बैल आणि लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी उन्हाळा काढत. कडबा विकायचा तर शेकडा पेंढ्यांच्या भावानं. दुष्काळी साली हा भाव दाण्यालाही मागे टाकतो.

पिकाचं जनावरात आणि जनावराचं पैशात रूपांतर होण्याचं जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं सिनसिनाटी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओहायो नदीच्या खोऱ्यात मका अमाप पिकत होता, पण कच्च्या रस्त्यांवरून गाड्या भरून तो लांब नेणं परवडत नव्हतं. शेतकऱ्यांनी तो डुकरांना चारला आणि कळपच्या कळप शहराकडे हाकले. खारवलेलं मांस पिंपांत भरून नदीमार्गे जाई. चरबीवर मेणबत्त्या आणि साबणाचे कारखाने उभे राहिले. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी १८३७ मध्ये तिथेच निघाली. शहराला ‘पोर्कोपोलिस’ असं टोपणनावच पडलं.

मोहोळमध्ये असा कारखाना झाला नाही. १८६० मध्ये मुंबई-सोलापूर लोहमार्ग मोहोळवरून गेला आणि शेतमालाला बाजार जवळ आला. दाणा आडतीवर जाई, त्याची नोंद होई. कडबा मात्र बैलाच्या खांद्यात आणि म्हशीच्या कासेत उतरायचा. नांगरट, मोट, वाहतूक, शेणखत, दूध या सगळ्यामागे तो होता, पण त्याचा बराचसा व्यवहार या गोठ्यातून त्या गोठ्यात होत असल्यानं बाजाराच्या आकड्यांत तो पुरता कधी उमटलाच नाही. हा मोठा अन्याय आहे.

कडब्याचं वजन खरं कळलं ते संकरित बियाण्यांच्या काळात. सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये आला आणि खरिपात झपाट्यानं पसरला. त्याची ताटं बुटकी, चारा कमी. रब्बीत मात्र मालदांडीला कोणी हलवू शकलं नाही. खोडमाशीपुढे ती तग धरते, कमी ओलीत निभावते, दावणीला वर्षभराची वैरण देते. १९७२ च्या दुष्काळात वैरणीवाचून जनावरं कवडीमोलानं विकणाऱ्या पिढीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि चित्र पालटलं. जिथं पाणी पोचलं तिथं ऊस आला. टाकळी सिकंदरचा भीमा सहकारी साखर कारखाना तालुक्याच्या राजकारणाचं आणि पैशाचं केंद्र बनला. गोठ्यात उसाचं वाढं आलं, बैलांची जागा ट्रॅक्टरनं घेतली. तरी कालव्याबाहेरच्या रानात शाळू टिकून आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले अनुराधा असे रब्बीचे नवे वाण दिले. रब्बी ज्वारीच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं तुलनेला शेजारच्या वाफ्यात मोहोळचीच एम ३५-१ पेरली गेली, आणि काढणीनंतर दाण्याबरोबर कडब्याचंही वजन केलं गेलं.