भाईंदरच्या खाडीचीं दारें

मुंबईहून विरारकडे जाणारी लोकल भाईंदरचें स्थानक सोडते आणि थोड्याच वेळांत चाकांचा आवाज बदलतो. इमारती मागें पडतात, दोन्ही बाजूंस रुंद पाणी पसरतें, दाराशीं उभ्या असलेल्यांच्या अंगावर खारा वारा येतो. कोणी हात जोडतो, कोणी निर्माल्याची पिशवी खालीं सोडून देतो. कांहीं मिनिटांत नायगांव येतें आणि पाणी विसरलें जातें. रोज लाखों माणसें ही खाडी अशी ओलांडतात. त्यांच्या लेखीं ती दोन स्थानकांमधली एक फट आहे. पूल नव्हता त्या काळांत मात्र खाडी वाट अडवीत नव्हती. खाडी हीच वाट होती.

उल्हास नदी बोरघाटाजवळच्या डोंगरांत उगम पावून कल्याणवरून ठाण्याजवळ येते. तेथें तिचा लहान फांटा दक्षिणेस ठाण्याच्या खाडीकडे वळतो. मोठा प्रवाह पश्चिमेस घोडबंदरावरून जाऊन भाईंदर व वसई यांच्यामधून समुद्रास मिळतो. या दोन फांट्यांनीं मुख्य भूमीपासून तोडलेला प्रदेश म्हणजे साष्टीचें बेट, आणि मीरा-भाईंदर हें त्या बेटाचें उत्तर टोंक. कल्याणचें बंदर ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनांतहि आलेलें आहे. समुद्रापासून इतक्या आंत असलेल्या गांवाला बंदर म्हणवून घेतां आलें, तें या पाण्याच्या वाटांमुळें.

ही वाट चालत असे भरती-ओहोटीवर. वर जाणारा पडाव भरतीबरोबर निघे; खालीं येणारा ओहोटीची वाट पाही. भरती दिवसांतून दोनदां येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. म्हणून किनाऱ्यावरील माणसाचें घड्याळ म्हणजे तिथि. अमावास्येपासून किंवा पौर्णिमेपासून मोजलेल्या तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ सुमारानें निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हिशेब कांहीं मिनिटांनीं चुकतो खरा, पण होडी हांकणाऱ्याला तेवढ्याची फिकीर नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, हें त्याला पंचांग न उघडतांहि ठाऊक असतें.

युरोपांतील कालव्यांना ही सोय नव्हती. तेथें चढावर नाव न्यावयाची तर दोन दारांचा हौद बांधावा लागे. नाव हौदांत शिरली कीं मागचें दार लावीत, वरच्या अंगाचें पाणी आंत सोडीत, पाण्याबरोबर नाव उचलली जाई आणि मग पुढचें दार उघडे. इंग्लंडांत १७६१ सालीं ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला आणि त्यानंतर दोन पिढ्या कालव्यांचा मोठा सुकाळ होता. पुढें आगगाडी आली, कालव्यांचा धंदा बसला. आज त्या पाण्यावर हौशी माणसें सुटीच्या दिवसांत नावा हांकतात, आणि ज्या वाटेवरून घोडे नावा ओढीत चालत त्या वाटेवर सायकली फिरतात. भाईंदरच्या खाडीला असे हौद कधीं लागले नाहींत. नावा उचलण्याचें काम येथें चंद्र फुकट करीत होता.

अशा वाटेचें तोंड ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं आंतला मुलूख. वसईचा किल्ला खाडीच्या उत्तर कांठीं, घोडबंदरचा आंतल्या वळणावर, आणि मुखाच्या दक्षिणेस धारावीचा. (मुंबईंतली धारावी ती ही नव्हे, उत्तन, चौक, डोंगरी या गांवांच्या भूमीला धारावी बेट म्हणत.) मराठ्यांनीं १७३७ सालीं घोडबंदर आणि ठाणें घेतलें, पण वसई पडली नाहीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें धारावी घेतली. मुखाच्या दोन्ही कांठांवर मराठ्यांच्या तोफा आल्या आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई शरण आली. त्या मोहिमेचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. वसईहून आणलेल्या घंटा भीमाशंकरला आणि मेणवलीला आजहि दाखवतात. त्याच खाडीच्या कांठचा दुसरा एक इतिहास फारसा सांगितला जात नाहीं, कारण त्यांत तोफा नाहींत, चिखल आहे.

खाडीला खरोखरच दारें होतीं. तीं नावांसाठीं नव्हतीं, पाण्यासाठीं होतीं. कोंकणांत त्यांना उघाडी म्हणतात. भरतीचें पाणी ज्या सपाट भूमीवर पसरतें तिला खाजण म्हणतात. खाजणाच्या कडेनें मातीचा बांध घालावयाचा, त्यांत एक तोंड ठेवावयाचें आणि तोंडाच्या चौकटीला वरून टांगलेली फळी बसवावयाची. भरती चढूं लागली कीं बाहेरचें पाणी फळीला चौकटीवर दाबून धरतें आणि दार आपोआप बंद होतें. ओहोटी लागली कीं आंत सांठलेलें पावसाचें पाणी फळीला बाहेर ढकलतें आणि शेत मोकळें होतें. राखणदार झोंपला तरी दार आपलें काम करतें. गोमंतकांतील खाजणांवर याच जातीच्या दारांना मानस म्हणतात, आणि तेथें तर तीं राखणें ही गांवाच्या संस्थेची जुनी जबाबदारी होती.

शेताला जें दार खारें पाणी बाहेर ठेवण्यासाठीं लागतें, तेंच मिठागराला तें आंत घेण्यासाठीं लागतें. येथें उलट व्यवहार. पावसाळा सरल्यावर बांध दुरुस्त होतात, जमीन चोपून घट्ट केली जाते. मग उधाणाच्या भरतीला तोंड उघडून पाणी मोठ्या खाचरांत घेतात आणि दार लावून कोंडतात. तेथून तें उथळ खाचरांत फिरवीत फिरवीत नेतात. ऊन व वारा त्यांतील पाणी उडवीत जातात, खार दाट होत जातो, आणि शेवटच्या लहान चौकोनांत मिठाचे दाणे धरूं लागतात. उधाण पंधरा दिवसांनीं एकदां येतें. ती वेळ चुकली तर पुढच्या पंधरवड्यापर्यंत थांबणें आलें. पहिल्या पावसापूर्वीं ढीग उचलले नाहींत, तर महिन्यांची मेहनत पाण्यांत विरघळून जाते. आगर राखणारे ते आगरी. एका मोठ्या समाजाचें नांवच या कामावरून पडलेलें आहे.

बांधाचा शत्रु मात्र तोफेहून लहान. खेकडा बांधांत बीळ करतो, त्या बिळांतून थेंब थेंब पाणी झिरपतें, आणि एखाद्या उधाणाच्या रात्रीं बांधाला खांड पडते. शेतांत खारें पाणी शिरलें कीं तें जमिनींत मुरतें आणि पावसानें खार धुऊन निघेपर्यंत भात नीट येत नाहीं. म्हणून खांड पडली अशी हांक आली कीं गांवांतील प्रत्येक घरांतून माणूस निघे. एकाचा बांध फुटला तर सर्वांचें शेत बुडणार, हें कोणाला समजावून द्यावें लागत नसे.

या बांधांच्या नांवानेंच पुढें मीरा-भाईंदरच्या शेतकऱ्यांवर एक विचित्र प्रसंग ओढवला. १८७० सालीं ब्रिटिश सरकारनें घोडबंदर, मीरा आणि भाईंदर या गांवांच्या बाबतींत रामचंद्र लक्ष्मणजी यांना दीर्घ मुदतीचा पट्टा करून दिला. खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून बांध घालावे, ते राखावे, आणि त्याचा मोबदला म्हणून शेतकऱ्यांच्या पिकांतून वांटा घ्यावा, असा त्याचा आशय. कागदावर व्यवहार सरळ दिसतो. पण बांधाची राखण हें काम ज्या गांवकऱ्यांच्या अंगवळणीं पडलेलें होतें, त्यांनाच आतां त्या राखणीबद्दल आपल्या धान्यांतून देणें द्यावें लागलें. विसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत हे हक्क एका कंपनीकडे गेले. शेतें गेलीं, भात गेला, बांधांचें प्रयोजन उरलें नाहीं, तरी पट्ट्याचा कागद उरला. जमिनीवर हक्क कोणाचा, हा वाद एकविसाव्या शतकांतहि कचेऱ्यांतून आणि न्यायालयांतून चालत राहिला. पाणी अडवण्यासाठीं केलेल्या करारानें अखेर माणसेंच अडवलीं, असें म्हटल्यास तें फारसें चूक ठरणार नाहीं.

पट्टा होण्यापूर्वींच खाडीवर आगगाडी आलेली होती. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची वाट सुरतेकडून दक्षिणेस येत १८६४ सालीं मुंबईस पोंचली. मोठमोठ्या खाड्या हाच या मार्गावरील खरा प्रश्न. तळाला खोल गाळ, वर भरतीचा जोर. दगडी खांबाचा पाया घालावा कोठें? कंपनीचे सल्लागार कर्नल जॉन पिट केनेडी यांनीं मार्गावरील पुलांसाठीं एकच नमुना ठरवला: त्रिकोणी जोडणीच्या लोखंडी तुळया, आणि त्यांच्याखालीं बिडाचे पोकळ खांब. या खांबांच्या तळाशीं मळसूत्रासारखें पातें असे. खांब ठोकावयाचा नाहीं, गाळांत फिरवीत फिरवीत रुतवावयाचा. ही युक्ति अलेक्झांडर मिचेल नांवाच्या आयर्लंडांतील एका अंध यंत्रज्ञाची; तिचा हक्क त्यानें १८३३ सालीं नोंदवला होता. केनेडीहि आयरिशच. ज्याला स्वतःला डोळ्यांनीं पाणी दिसत नव्हतें, त्याच्या कल्पनेवर कोंकणच्या खाड्यांवरून गाड्या धांवूं लागल्या.

पुलानें खाडीचा अर्थ पालटला. पूर्वीं माणसें पाण्याच्या लांबीनें प्रवास करीत. आतां तीं पाणी आडवें ओलांडूं लागलीं. भाईंदरचें मीठ आगगाडीनें दूरवर जाऊं लागलें. पुढें वरसावे येथें मोटारींचा पूल झाला. त्याच्या शेजारीं २०२३ सालीं आणखी एक पूल उघडला. रेल्वेचे लोखंडी पूलहि निवृत्त होऊन त्यांची जागा काँक्रीटच्या पुलांनीं घेतली. इकडे गांवांचें शहर झालें. १९८५ सालीं पांच ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद स्थापन झाली, २००२ सालीं महानगरपालिका; २०११ च्या शिरगणतींत वस्ती आठ लाखांवर भरली. एवढ्या माणसांना जागा दिली ती बहुतांशीं त्याच सखल भूमीनें, जिच्यावर पूर्वीं दिवसांतून दोनदां दार लावलें आणि उघडलें जात असे. पावसाळ्यांत भरतीच्या वेळीं रस्त्यांवर पाणी तुंबलें कीं वृत्तपत्रें नाल्यांना दोष देतात. नाला समुद्राला मिळतो तेथें ओहोटीपर्यंत थांबावें लागतें, ही गोष्ट उघाडीची फळी जाणत होती.

पाण्याची वाट अगदींच मोडली नाहीं. २० फेब्रुवारी २०२४ रोजीं वसई आणि भाईंदर यांच्यामध्यें वाहनें नेणारी रो-रो फेरीबोट सुरू झाली. रस्त्यानें घोडबंदरचा वळसा घालून सुमारें पस्तीस किलोमीटर पडणारें अंतर पाण्यावरून साडेतीन-चार किलोमीटरांत संपतें. बोटीवर मोटारी चढतात, फटफट्या चढतात, आणि सायकलीहि. इकडून सायकल घेऊन निघालेल्या माणसाला मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरील मालमोटारींच्या धुरांतून न जातां वसईच्या किल्ल्याच्या तटाखालीं उतरतां येतें. कल्याणपासून वसईच्या मुखापर्यंतची जुनी वाटहि २०१६ च्या कायद्यानें राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ मध्यें नोंदली गेली आहे.

या साऱ्या उलाढालींत खाडीच्या मधोमध असलेलें पाणजूचें बेट तसेंच राहिलें. रेल्वेचा एक पूल भाईंदरकडून त्या बेटावर येतो, दुसरा तेथून नायगांवकडे जातो, आणि दोहोंच्या मध्यें रूळ पाणजूच्या भूमीवरून धांवतात; गाडी मात्र तेथें थांबत नाहीं. गांवकऱ्यांनीं होडीनें जावें, आणि होडी नसेल तेव्हां पुलाच्या कडेच्या अरुंद वाटेनें चालत जावें. धांवत्या गाडींतून भक्तिभावानें फेंकलेले नारळ आणि निर्माल्य त्या वाटेवरील माणसांना लागतें. त्यानें जीवहि गेला आहे.

मुंबईच्या या मार्गावरील पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेकडे निघाली. तिच्या स्थानकांची यादी उपलब्ध आहे. तींत भाईंदर नाहीं, मीरा रोड नाहीं, नायगांवहि नाहीं. वसई आणि बोरीवली यांच्या मध्यें एकच नांव आहे, ‘पांजे’. आणि त्या दोहोंच्या मध्यें या नांवाशीं जुळणारें गांव पाहूं गेल्यास पाणजू हेंच सांपडतें.