‘हॅकिंटॉश’चे नूतनीकरण : संकलकाने काय बदलावे, कोठे थांबावे

बाजारातून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकावर ॲपल कंपनीची ‘मॅक ओएस’ ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवली, की त्या यंत्राला ‘हॅकिंटॉश’ म्हणतात. ‘हॅक’ आणि ‘मॅकिंटॉश’ हे दोन शब्द एकमेकांत मिसळून हे नाव तयार झाले. छंद म्हणून हा उद्योग करणारे पुष्कळ. परंतु पोटापाण्यासाठी तो करणाऱ्यांमध्ये चित्रफितींचे संकलक ठळकपणे दिसतात. त्याचे कारण उघड आहे. १९९९ मध्ये ॲपलने बाजारात आणलेले ‘फायनल कट प्रो’ संगणकांपैकी केवळ मॅकवरच चालते, आणि ज्याचा हात एकदा त्यावर बसला त्याला दुसरे सॉफ्टवेअर परक्या घरासारखे वाटते.

ॲपलने जून २००५ मध्ये इंटेलचे प्रोसेसर वापरण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २००६ मध्ये तसे पहिले मॅक विक्रीस आले. त्या दिवसापासून मॅकचे आणि लॅमिंग्टन रोडवर जोडून मिळणाऱ्या संगणकाचे अंतरंग जवळपास एकच झाले. हॅकिंटॉशचा खरा बहर मात्र नंतर आला. २०१३ चा नळकांड्याच्या आकाराचा ‘मॅक प्रो’ दिसायला देखणा होता, पण त्यात नवे ग्राफिक्स कार्ड बसवण्याची सोय नव्हती. त्याची रचना उष्णतेच्या मर्यादेत अडकली, हे एप्रिल २०१७ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनीच मोजक्या पत्रकारांपुढे मान्य केले. पुढचा ‘मॅक प्रो’ डिसेंबर २०१९ मध्ये आला, तोही ५,९९९ डॉलरपासून पुढे. मधल्या सहा वर्षांत वेग हवा असलेल्या अनेक संकलकांनी स्वतःचे यंत्र स्वतःच जोडले.

कायद्याची बाजू आधीच स्पष्ट केलेली बरी. मॅक ओएसचा परवाना ती केवळ ॲपलच्या संगणकावर बसवण्याची मुभा देतो. फ्लोरिडातील ‘सायस्टार’ या कंपनीने २००८ मध्ये तयार हॅकिंटॉश विकण्यास आरंभ केला, तेव्हा ॲपलने तिला न्यायालयात खेचले. २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. घरगुती वापराकडे कंपनीने सहसा दुर्लक्ष केले असले, तरी परवान्याचा भंग तो भंगच. शिवाय यंत्र बंद पडले तर दाद मागण्यास कोणतेही सेवा केंद्र नाही, ही व्यवसायाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट आहे.

साधारण संगणकाचे नूतनीकरण करताना ‘अधिक वेगवान भाग कोणता’ एवढाच प्रश्न असतो. येथे आधी दुसराच प्रश्न पडतो : मॅक ओएस या भागाला ओळखते का? ॲपल ज्या चिप स्वतःच्या यंत्रांत वापरते, प्रामुख्याने त्यांचेच ड्रायव्हर सिस्टीममध्ये असतात. त्यामुळे बाजारातले सर्वात महागडे कार्ड येथे निव्वळ शोभेचे ठरू शकते, आणि तीन वर्षांपूर्वीचे, दुसऱ्याने वापरलेले कार्ड उत्तम चालू शकते.

उदाहरणादाखल २०१८-१९ च्या सुमारास जोडलेले एक नमुनेदार यंत्र घेता येईल : झेड ३९० चिपसेटचा मदरबोर्ड, सहा गाभ्यांचा कोअर आय-५ ८४०० प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, रेडिऑन आरएक्स ५८० कार्ड आणि एक हार्ड डिस्क. असे यंत्र स्वतःची ओळख सिस्टीमला ‘आयमॅक १९,१’ म्हणून, म्हणजे २०१९ चा २७ इंची आयमॅक म्हणून, करून देते. ही बतावणी पूर्णपणे खोटी नाही. त्या आयमॅकमध्येही इंटेलचे त्याच काळातील प्रोसेसर आणि रेडिऑनचीच कार्डे होती. हे नाते जितके जवळचे, तितका हॅकिंटॉश स्थिर.

हे यंत्र पूर्ण एचडी चित्रीकरण मुकाट्याने पेलते आणि फोर-के आले की धापा टाकू लागते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी प्रोसेसरकडे जातो. तो आवरावा. पहिला संशयित डिस्क असते.

ॲपलच्या ‘प्रोरेस ४२२’ या स्वरूपात सेकंदाला २५ चौकटींचे पूर्ण एचडी चित्रण तासाला सुमारे ५५ जीबी जागा घेते. तेच फोर-के यूएचडी असेल तर सुमारे २२१ जीबी, म्हणजे दर सेकंदाला साठ एमबीहून थोडे अधिक. साध्या हार्ड डिस्कमधून सलग वाचताना सेकंदाला दीडशे ते दोनशे एमबी मिळतात. एक प्रवाह त्यातून सहज वाहतो. पण लग्नसमारंभाचे चार कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर ठेवले, की डिस्कच्या सुईला चार ठिकाणी धावावे लागते आणि चित्र अडखळते. साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० एमबीपर्यंत जाते, तर मदरबोर्डवरच्या एम.२ खाचेत बसणारी एनव्हीएमई एसएसडी, तिसऱ्या पिढीच्या जोडणीवर, सुमारे ३,५०० एमबीपर्यंत. सिस्टीम एका एसएसडीवर, चालू काम दुसऱ्या एनव्हीएमईवर आणि जुने काम हार्ड डिस्कवर, एवढ्या विभागणीनेच कित्येक यंत्रे पुन्हा तरुण होतात. खरेदीच्या वेळी मॉडेल पाहून घ्यावे. सॅमसंगची ‘९७० ईव्हीओ प्लस’ २०१९ मध्ये नवी आली, तेव्हा तिच्यामुळे मॅक ओएस कोसळत असे. कंपनीने फर्मवेअर सुधारल्यावर ती तक्रार मिटली. जुना साठा हाती लागला तर विंडोजवर नेऊन फर्मवेअर आधी बदलावे.

मेमरीबाबत फार लिहिण्यासारखे नाही. ३२ जीबी पुरेशी, ६४ जीबी ऐसपैस. चार सुट्या पट्ट्यांपेक्षा एकाच संचातील पट्ट्या घ्याव्यात, एवढे पथ्य पुरे.

ग्राफिक्स कार्ड हा या साऱ्या प्रकरणातील सर्वात महत्त्वाचा आणि सर्वाधिक चुका होणारा टप्पा होय. दृश्यपरिणाम, रंगदुरुस्ती आणि अखेरचे रेंडर यांचा मोठा भार फायनल कट ‘मेटल’ या ॲपलच्या तंत्राद्वारे कार्डावर टाकते. मात्र एनव्हिडियाचा रस्ता येथे बंद आहे. त्या कंपनीचे स्वतःचे ड्रायव्हर २०१७ च्या ‘हाय सिएरा’पर्यंतच चालले. २०१८ च्या ‘मोहावे’पासून फक्त जुनी केप्लर पिढी उरली आणि २०२१ च्या ‘माँटेरे’ने तीही वगळली. ‘आरटीएक्स’ नावाचे कोणतेही कार्ड मॅक ओएसमध्ये चालत नाही, दुकानदार काहीही सांगो.

एएमडीमध्येही सरसकट निवड करता येत नाही. आरएक्स ६८०० आणि ६९०० एक्सटी यांना २०२१ च्या ‘बिग सर ११.४’मध्ये, तर ६६०० एक्सटीला त्याच वर्षाखेरीस ‘माँटेरे १२.१’मध्ये आधार मिळाला. मधल्या ६७०० एक्सटीसाठी ॲपलने ड्रायव्हर दिलाच नाही. क्रमांक मधला म्हणून ते चालेल असा तर्क करून अनेकांनी हात पोळून घेतले. ७००० मालिका आली तीही आधाराविनाच. ५८० वरून पुढे जाऊ पाहणाऱ्यासाठी ६६०० एक्सटी हा शहाणा पर्याय ठरतो. मेमरी तेवढीच, ८ जीबी. पण वीज कमी लागते आणि ५०० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो. दाट रंगकाम करणाऱ्याला १६ जीबीचे ६८०० एक्सटी अधिक मानवेल. मात्र त्यासाठी ७५० वॅटचा सप्लाय हवा आणि पेटीत तेवढी लांबीही हवी. ही कार्डे लावल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नये. बूट होतानाच्या सूचनांमध्ये ‘एजीडीपीमॉड=पिकेरा’ ही ओळ नसणे, हे त्याचे नेहमीचे कारण असते.

येथे इंटेलच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स विसरून चालत नाही. वेगळे कार्ड असताना ते निरुपयोगी आहे असे समजून पुष्कळजण बायोसमध्ये ते बंद करतात. वास्तविक ‘आयमॅक’ म्हणवणाऱ्या यंत्रात एच.२६४ आणि एचईव्हीसी चित्रफिती उलगडण्यास व बनवण्यास त्यातील ‘क्विक सिंक’ हा भाग मदत करतो. म्हणून पडद्याला न जोडता, नुसते हिशेबासाठी ते चालू ठेवावे. दहाव्या पिढीनंतरच्या इंटेल प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्स मॅक ओएसला ओळखता येत नाही. एएमडीच्या रायझनवर तर कर्नलमध्ये ठिगळे लावूनच सिस्टीम चालवावी लागते, आणि क्विक सिंक तेथे नसतेच. संकलनासाठी नवा हॅकिंटॉश जोडताना आठवी ते दहावी पिढी निवडण्याचा प्रघात पडला, तो यामुळेच.

एक अडचण मात्र कितीही खर्च केला तरी सुटत नाही. अलीकडचे अनेक कॅमेरे दहा बिटांच्या ४:२:२ रंगस्वरूपात चित्रण करतात. या पिढीच्या क्विक सिंकला आणि वर सांगितलेल्या रेडिऑन कार्डांना ते यंत्रस्तरावर उलगडता येत नाही. सारा भार प्रोसेसरच्या गाभ्यांवर पडतो. त्यावर उपाय फुकटचा आहे. फायनल कटमध्ये त्या फितींच्या हलक्या ‘प्रॉक्सी’ प्रती करून त्यांवर संकलन करावे आणि अखेरच्या रेंडरच्या वेळी मूळ फितींकडे वळावे. हा उपाय आधी करून पाहिला, तर कित्येकांना नवे कार्ड घ्यावेसेही वाटणार नाही.

प्रोसेसर सर्वात शेवटी. आय-५ ८४०० च्या जागी त्याच खाचेत आठ गाभ्यांचा आय-९ ९९००के बसतो आणि २०१९ च्या आयमॅकमध्ये तो होताच, त्यामुळे सिस्टीमला काही नवे वाटत नाही. परंतु स्वस्त मदरबोर्ड त्याची विजेची भूक भागवू शकत नाहीत, आणि कूलरही बदलावा लागतो. प्रोसेसर बदलताना बायोस अद्ययावत केले, तर पूर्वी काळजीपूर्वक केलेल्या साऱ्या जोडण्या मूळ स्थितीला जातात आणि यंत्र सुरूच होत नाही. भाग खराब निघाला असे मानून तो परत करायला धावण्यापूर्वी त्या जोडण्यांची जुनी छायाचित्रे शोधावीत. ती काढून ठेवलेली असतील तर.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी कामात मोठी खोळंबा करतात. मॅक ओएस एका नियंत्रकावर पंधराच यूएसबी पोर्ट मोजते, आणि प्रत्येक यूएसबी ३ खाच दोन पोर्ट म्हणून मोजली जाते. कोणते पोर्ट ठेवायचे याचा नकाशा नीट केलेला नसेल, तर कार्ड रीडर नेमका ऐन वेळी दिसेनासा होतो. दुसरे, २०२३ च्या ‘सोनोमा’ने जुन्या ब्रॉडकॉम वाय-फाय चिपचा आधार काढला, त्यामुळे खऱ्या मॅकमधून काढून बसवलेली कार्डेही तेथे मुकी होतात. नेटवर्कसाठी साधी केबल हे त्यावरचे साधे औषध.

प्रत्यक्ष बदल करताना क्रम महत्त्वाचा. ‘ओपनकोअर’ या बूटलोडरची चालू असलेली ईएफआय फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून, त्या पेनड्राइव्हवरून यंत्र खरोखर सुरू होते हे तपासावे. जुने यंत्र अजून ‘क्लोव्हर’वर असेल तर आधी बूटलोडर बदलावा, भाग नंतर. एका वेळी एकच भाग बदलून दोन दिवस काम करून पाहावे. सिस्टीमची नवी आवृत्ती निराळ्या एसएसडीवर चढवावी आणि जुनी तशीच राहू द्यावी. हातात काम अर्धवट असताना तर काहीच बदलू नये. फायनल कटच्या नव्या आवृत्तीने एकदा लायब्ररी अद्ययावत केली की ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि ग्राहकाच्या घरच्या मंगलकार्याचे चित्रीकरण पुन्हा करता येत नसते.

हे सारे करावे काय, हा प्रश्न आता टाळता येत नाही. ॲपलने जून २०२० मध्ये इंटेलला निरोप देण्याचे ठरवले आणि नोव्हेंबरमध्ये ‘एम १’ची यंत्रे आली. या चिपची रचनाच वेगळी असल्याने बाजारातील सुट्या भागांतून तिची प्रतिकृती करता येत नाही. फायनल कटच्या २०२४ मधील अकराव्या आवृत्तीतील ‘मॅग्नेटिक मास्क’सारख्या सोयी ॲपलच्या चिपवरच चालतात. जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की, ‘टाहो’ ही इंटेलवर चालणारी अखेरची आवृत्ती असेल. २०१९ चा आयमॅक तर टाहोच्या यादीतूनही वगळला गेला. म्हणजे वर वर्णन केलेल्या यंत्राचा मुक्काम २०२४ च्या ‘सिक्वोया’वर संपतो. ओळख बदलून एक पायरी पुढे जाता येते, त्यापुढे पायरीच नाही.

म्हणून खर्चाची कसोटी बदलते. एम ४ चिपचा ‘मॅक मिनी’ २०२४ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांपासून आला. त्यात १६ जीबी मेमरी आणि प्रोरेस हाताळणारा स्वतंत्र विभाग आहे, आणि वर सांगितलेले ४:२:२ चित्रणही तो सहज उलगडतो. कार्ड, प्रोसेसर, सप्लाय आणि कूलर मिळून खर्च या आकड्याजवळ जात असेल, तर हॅकिंटॉशचे नूतनीकरण सोडून द्यावे. एनव्हीएमई एसएसडी आणि मेमरी एवढ्यावर भागत असेल, तर जरूर करावे. त्यातील एसएसडी तर बाहेरच्या डबीत बसवून पुढे मिनीलाही जोडता येते, आणि मिनीची आतली २५६ जीबी जागा पाहता ती लागतेच.

उरलेले यंत्र टाकाऊ होत नाही. विंडोज किंवा लिनक्स चढवले की ‘दा विंची रिझॉल्व्ह’ त्यावर उत्तम चालते, आणि मग एनव्हिडियाचे कार्डही वर्ज्य राहत नाही. मात्र डिस्क पुसण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी. मॅकच्या एपीएफएस पद्धतीने आखलेल्या डिस्क विंडोजला आपणहून वाचता येत नाहीत. जुन्या कामाच्या मूळ फिती, हॅकिंटॉश चालू आहे तोवरच, एक्सफॅट पद्धतीने आखलेल्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. फायनल कटच्या लायब्ररीही रिझॉल्व्हमध्ये थेट उघडत नाहीत. ज्या कामांना पुन्हा हात लावावा लागेल, त्यांची एक्सएमएल प्रतही त्याच वेळी काढून ठेवावी.