ॲमिलॉइडदर्शक प्रतिपिंड

आल्त्सहायमर रोगात मेंदूत साचणारे बीटा-ॲमिलॉइड हे प्रथिन ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत वापरण्यात येणारे प्रतिपिंड. आलॉइस आल्त्सहायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे, स्मृतिभ्रंश झालेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील विकृतींचे वर्णन केले. रंजकांच्या साहाय्याने या विकृतींतील साठे दिसत. परंतु ते कोणत्या प्रथिनाचे आहेत, हे रंजकांवरून कळत नसे. जॉर्ज ग्लेनर व काइन वाँग यांनी १९८४ मध्ये रुग्णांच्या मस्तिष्कावरणातील रक्तवाहिन्यांमधून हे प्रथिन वेगळे करून त्यातील ॲमिनो अम्लांचा आरंभीचा क्रम ठरविला. त्यामुळे त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करणे शक्य झाले.

प्राण्याला प्रतिजन टोचून प्रतिपिंड मिळविण्याची रीत जुनी आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांपासून सर्पविषावरील प्रतिविष याच रीतीने तयार करीत. अशा रक्तरसात मात्र अनेक प्रकारचे प्रतिपिंड मिसळलेले असतात. गेओर्ख कोलर व सेसार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये प्रतिपिंडजनक कोशिका व अर्बुद कोशिका यांचा संकर करून, एकाच प्रकारचा प्रतिपिंड अखंड मिळविण्याची पद्धत शोधली. न्यूयॉर्कमध्ये तयार झालेले ‘६ई१०’ व ‘४जी८’ हे प्रतिपिंड याच पद्धतीचे होत.

प्रतिपिंड संपूर्ण प्रथिन ओळखत नाही. त्याचा केवळ एक लहान भाग ओळखतो. ‘६ई१०’ ज्या आरंभीच्या भागाला चिकटतो, तो भाग ॲमिलॉइडच्या पूर्वगामी प्रथिनातही असतो. त्यामुळे चिकटलेला प्रतिपिंड म्हणजे ॲमिलॉइडच, असा निष्कर्ष काढल्यास प्रयोग फसतो. ही अडचण दूर करण्यासाठी ४० व ४२ ॲमिनो अम्लांच्या रूपांची मोकळी टोके ओळखणारे प्रतिपिंड तयार करण्यात आले. त्यांच्या साहाय्याने जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये दाखविले की, मेंदूत प्रथम मुख्यत्वे ४२ चे रूप साचते. अनुक्रमाऐवजी आकार ओळखणारा ‘ए११’ हा प्रतिपिंड २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो इतर प्रथिनांच्या तशाच पुंजक्यांनाही चिकटतो. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत कार्य करणारे समीर माजी व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये दाखविले की, पोष ग्रंथीतील काही हॉर्मोनेही ॲमिलॉइडसदृश रूपात साठविली जातात. म्हणून ॲमिलॉइडसदृश आकार आढळणे हा रोगाचा पुरावा ठरत नाही.

मूळच्या उंदीर-प्रतिपिंडाला मानवी रूप देऊन बनविलेल्या लेकानेमॅब या औषधास अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते साठे कमी करते. परंतु स्मृतीचा ऱ्हास थांबवीत नाही, त्याची गती काहीशी मंदावते. या कारणाने कोणता प्रतिपिंड नेमके काय ओळखतो, हा प्रश्न निदान व उपचार या दोहोंच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे.