ओल, बुरशी आणि चुन्याचा हात

आषाढाची झड लागली की गिरगावापासून दादरपर्यंतच्या जुन्या घरांतून एक कुबट वास सुटू लागतो. ट्रंकेतल्या शालूवर पांढुरके ठिपके उमटतात, चामड्याच्या वहाणांवर हिरवट लव चढते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर भुरी बसते आणि न्हाणीकडील भिंतीवर काळे डाग पसरत जातात. गृहिणी ते फडक्याने पुसते. चार दिवसांनी ते पुनः दिसतात. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. परंतु या डागांशी मुंबईने जो झगडा दिला, त्यात सरकारी हुकूम आहेत, प्रयोगशाळा आहेत, गिरण्या आहेत आणि भाड्याचे कायदेही आहेत.

प्रथम शत्रूची ओळख करून घेतली पाहिजे. बुरशी ही सजीव आहे. परंतु तिला हिरवे पान नाही, त्यामुळे आपले अन्न तिला स्वतः निर्माण करता येत नाही. खळ, कागद, कापूस, लाकूड, कातडे, भिंतीवर बसलेली धूळ यांवर तिची उपजीविका चालते. तिचे बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात आणि कोणत्याही उपायाने ते समूळ नाहीसे होत नाहीत. मात्र ओलीवाचून ते रुजत नाहीत. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ८० च्या वर असते. त्यात भिंत झिरपत असेल तर एकदोन दिवसांतच बुरशी धरू लागते. भिंतीवरचा प्रत्येक पांढरा थर मात्र बुरशी नव्हे. पाण्याच्या थेंबाने विरघळतो तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार. विरघळत नाही आणि बोटाला लागून फासला जातो, ती बुरशी.

या शत्रूवरील जुना उपाय चुना हा होय. भाजलेली चुनकळी पाण्यात विरवली म्हणजे जो चुना होतो, तो अत्यंत अल्कधर्मी असतो व त्याच्या ताज्या थरावर बुरशीला पाय रोवता येत नाही. परंतु हवेतील कर्बाम्ल वायू शोषून त्या चुन्याचा हळूहळू खडू बनतो आणि त्याचा हा गुण उतरतो. पावसाळा सरून दिवाळी तोंडावर आली की भिंतींना चुन्याचा नवा हात देण्याची जी चाल होती, तिच्यामागे हे रसायनशास्त्र होते. मग ते कोणाच्या ध्यानी असो वा नसो. चुन्यात थोडा मोरचूद मिसळला तर तांब्याच्या गुणाने तो थर अधिक प्रभावी ठरतो. फ्रान्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली द्राक्षवेलींच्या केवडा रोगावर सुचविलेले प्रसिद्ध बोर्दो मिश्रण याच दोन द्रव्यांचे होते. नाशिककडील द्राक्षबागाइतदारांना ते चांगले परिचयाचे आहे.

घरगुती असा हा चुना एके काळी सरकारी हुकमाने भिंतींवर चढला. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोगाचे विष अंधार, ओल व घाण यांत वास करते, अशी समजूत त्या वेळी प्रबळ होती. म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांच्या अमदानीत गटारे धुतली गेली, घरांतून कार्बॉलिक व रसकापूर यांचे पाणी शिंपडले गेले आणि चुन्याची सफेदी सक्तीने देण्यात आली. उजेड आत यावा म्हणून छपराची कौले काढण्यात आली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगविण्यात आली. परके लोक स्वयंपाकघरात शिरून भिंती रंगवितात, याचा संताप रहिवाशांना आला यात नवल नव्हते.

पुढे कळून आले की मुळातले निदानच चुकले होते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा आली होती. १९०५ साली नेमलेल्या संशोधक मंडळाने तेथे पिसवांचा हा संबंध प्रयोगांनी सिद्ध केला. त्याच प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले. म्हणजे प्लेगवर मारलेला चुना प्लेगपुरता वाया गेला. परंतु ओल, अंधार आणि कोंडलेली हवा यांविरुद्ध जे बोलले गेले, ते निराळ्या कारणाने खरेच होते. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, काढला. पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३॥ अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरला. त्याचा सोपा अर्थ असा की, इमारतीची उंची तिच्या समोरील मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. तरच तळमजल्याच्या खोलीत आकाशाचा उजेड पोचतो. जेथे उजेड व वारा पोचतो तेथे भिंत सुकते, आणि सुकलेल्या भिंतीवर बुरशी जगत नाही.

परळ-लालबागची कथा याहून कष्टाची आहे. सूत तुटू नये म्हणून गिरण्यांच्या खात्यांतून हवा मुद्दाम दमट ठेवली जात असे. सुताला लावलेल्या खळीमुळे कापडावर बुरशी धरण्याचे भय असे. म्हणून खळीत जस्ताचा क्लोराइड क्षार मिसळण्याची रीत गिरणीधंद्यात रूढ होती. कापडाची ही काळजी घेणारा कामगार पाळी संपवून ज्या खोलीत परते, तिच्या भिंतीला मात्र असे संरक्षण नव्हते. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या चाळी उभारल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्यात स्वयंपाकाची वाफ, निजलेल्या माणसांचा श्वास आणि पावसाळ्यात दोरीवर वाळत घातलेली धुणी! ओल बाहेरून येण्याआधी आतच तयार होत होती.

त्यानंतर आला १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. १९४० सालचे भाडे प्रमाण मानून त्याने लाखो भाडेकरूंना आसरा दिला, हे त्याचे मोठे पुण्य. घर दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य त्याने मालकावरच ठेवले होते. परंतु गोठलेल्या भाड्यात मालकाचा हात आखडला. बाहेरचा गिलावा सुटला, भिंतीत पिंपळ रुजला, पन्हळी फुटल्या. अखेर १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायद्याने स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. मधल्या काळात भाडेकरू आतून रंग देत राहिला आणि पाणी बाहेरून येत राहिले. पुढे चुन्याची जागा तैलरंगाने व प्लॅस्टिक रंगाने घेतली. चुन्याच्या थरातून भिंतीची ओल बाहेर पडू शकते. या रंगांच्या पापुद्र्याखाली ती कोंडते, फुगवटे येतात आणि त्यांमागे काळे डाग वाढतात.

आता घरात मिळणाऱ्या द्रव्यांकडे वळावे. काम सुरू करण्यापूर्वी खिडक्या उघडाव्या, नाकातोंडावर फडके बांधावे आणि दम्याच्या रोग्यास व मुलांस दुसरीकडे बसवावे. कोरडा डाग कधीही झाडू नये, कारण त्याने बीजाणू खोलीभर उडतात. तो आधी ओला करावा. फरशी, काच, तैलरंगाची भिंत यांस साबणाचे अथवा धुण्याच्या सोड्याचे कोमट पाणी बहुधा पुरते. डाग चिवट असेल तर बाजारात मिळणाऱ्या ब्लीचच्या एका भागात पंधरा-सोळा भाग पाणी घालून ते लावावे, दहा मिनिटांनी धुवावे आणि जागा पूर्ण कोरडी करावी. झिरपत्या गिलाव्यावर मात्र ब्लीच फसवे ठरते: डागाचा रंग उडतो, पण आत शिरलेले तंतू जिवंत राहतात. तेथे सुटा गिलावा खरवडून, भिंत सुकवून चुना देणे हेच बरे. चुना डोळ्यांत उडू देऊ नये. बुरसलेल्या गादीचा मोह सोडावा. पुस्तके व वहाणा घराबाहेर पुसून वाऱ्यावर सुकवाव्या.

एक नियम प्राणाइतका जपावा. ब्लीच अथवा ब्लीचिंग पावडर कोणत्याही आम्लात, म्हणजे संडास धुण्याच्या अ‍ॅसिडात किंवा व्हिनेगरमध्ये, मिसळू नये. अमोनियातही मिसळू नये. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली ज्या ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले, तिच्यात क्लोरीन बांधलेला असतो. आम्ल त्याला मोकळा करते. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडलेला वायू तोच होता. बंद न्हाणीघरात त्याचे थोडेसे प्रमाणही घातक होते.

आज त्या जुन्या चाळींच्या जागी उंच मनोरे उठत आहेत. परंतु बंद खिडक्या आणि गार केलेली हवा यांमुळे कपाटामागील भिंतीला तेथेही घाम फुटतो. भिंतीला दोन बाजू असतात. आतली बाजू फडक्याने, साबणाने, चुन्याने राखता येते. ते घरातल्यांचे काम आहे. बाहेरची बाजू, म्हणजे पन्हळ, गिलावा, गच्ची आणि शेजारच्या इमारतीने सोडलेले अंतर, कोणत्याही एका बिऱ्हाडाच्या हाती नसते; तिच्यासाठी मालक, सोसायटी आणि नगरपालिका यांना जागे करावे लागते. प्लेगच्या साली सरकारने आतली बाजू बळाने रंगविली. पुढील पन्नास वर्षांत बाहेरच्या बाजूची उपेक्षा झाली. दोन्ही बाजू एकाच वेळी कोरड्या ठेवल्या, तरच पुढील आषाढात पुसलेला डाग परत येणार नाही.