कड्यांतील घरे आणि उसनी नावे

ॲरिझोनातील कॅम्प व्हर्देहून कोलोरॅडोतील मेसा व्हर्देकडे जाताना तांबडी माती, खुरटी झुडपे आणि चुकीची नावे यांनी आमची सोबत सोडली नाही. बीव्हर क्रीकच्या काठी उंच कड्यात सुमारे वीस खोल्यांची पाचमजली वास्तू आहे. तिला 'माँटेझुमाचा किल्ला' म्हणतात. वस्तुतः ती किल्ला नव्हे, आणि तो ॲझ्टेक राजा जन्मण्यापूर्वीच ती ओस पडली होती. ती बांधणारे सिनाग्वा लोक शेतकरी होते.

मेसा व्हर्देचा 'क्लिफ पॅलेस' हाही राजवाडा नव्हेच. (मराठी माणसाच्या तोंडी येथे 'लेणी' हा शब्द येतो. पण लेणे खडकात कोरतात. येथे मात्र नैसर्गिक कपारीत वालुकाश्माचे घडीव दगड मातीच्या गाऱ्याने रचले आहेत.) सुमारे दीडशे खोल्या, आणि जमिनीत खोल उतरणारे 'किव्हा' हे वर्तुळाकार विधिकक्ष. डिसेंबर १८८८ मध्ये वेदरिल आणि मेसन यांनी तो 'शोधला', असे लिहिले जाते. यूट लोकांना ही घरे आधीपासून ठाऊक होती!

१२७६ ते १२९९ या काळातील अवर्षणाची साक्ष वृक्षवलये देतात. ती कालगणना डग्लस यांनी १९२९ साली जुळवली. त्या सुमारास माणसे दक्षिणेकडे गेली. ती 'गूढरीत्या नाहीशी झाली' ही शब्दयोजना आम्हांस खटकते, कारण होपी, झुनी आणि रिओ ग्रांदेकाठचे प्वेब्लो त्यांचेच वंशज आहेत. १८९१ साली नूर्डेनशॉल्ड यांनी येथून नेलेले मानवी अवशेष फिनलंडने २०२० साली परत केले. या वंशजांनी ते पुन्हा मेसा व्हर्देच्याच मातीत पुरले.