पंधराशेहून अधिक

वर्ष इ. स. २५१, ऋतू शरद, शहर रोम. टायबर नदीपलीकडच्या दाट वस्तीत एका भाड्याच्या इमारतीचा लाकडी जिना तुम्ही अंधारात चाचपडत चढताय. हातात तेलाचा दिवा आहे, पण वर पोचेपर्यंत तो पेटवायचा नाही. दीड वर्षापूर्वी लागलेली ही सवय अजून सुटलेली नाही.

आज रविवार आहे आणि सुट्टी नाही. रविवारी कामं बंद ठेवण्याचा हुकूम सम्राट कॉन्स्टंटाइन ३२१ साली काढणार आहे. त्याला ७० वर्षं अवकाश आहे. म्हणून वर जमलेल्या परटाला, हमालाला, कुण्या धनिकाच्या घरच्या गुलाम दाईला उपासना आटोपून लवकर कामावर हजर व्हायचं आहे.

तुम्ही अकोलाइट आहात. ख्रिस्ती मंडळीच्या सेवकांमधली ही खालची पायरी. निरोप पोचवायचे, ओझी वाहायची, वरच्या पायरीवरचा सेवक, म्हणजे डीकन, सांगेल तिथे जायचं. दारातला द्वारपाल तुमचा चेहरा निरखतो आणि आत सोडतो. खोलीत बाक नाहीत, वाद्यं नाहीत. सगळे उभे आहेत. वाचकाच्या हातात गुंडाळी नाही, पानं शिवलेली वही आहे. या लोकांना शास्त्र अशा वहीत ठेवायला आवडतं. वाचन झालं की बोध, बोधानंतर हात वर करून प्रार्थना, मग एकमेकांना शांतीचं चुंबन. घराघरांतून आलेली भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस पुढे नेला जातो. उपकारस्तुतीची लांबलचक प्रार्थना संपते आणि खोलीभर एकच ‘आमेन’ उमटतं.

भाकर वाटून झाल्यावर तुमचं काम सुरू होतं. डीकन फडक्यात बांधलेले तुकडे तुमच्या हाती देतो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी ते न्यायचे आहेत. ही रीत तुमच्या आजोबांच्याही आधीची. साधारण शंभर वर्षांपूर्वी याच शहरात जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने ती सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात नोंदवली आहे. रविवारी जमायचं, गैरहजर असणाऱ्यांना वाटा पाठवायचा, ज्याला जमेल त्याने मनाला येईल तेवढं द्यायचं. जमलेला पैसा अध्यक्षाकडे ठेवायचा आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावहून आलेले पाहुणे यांची सोय करायची. आठवड्याच्या पहिल्या दिवशी हातावर पडलेलं नाणं उरलेले सहा दिवस चालत राहतं, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही.

निघताना दाराजवळ थोडी माणसं दिसतात. त्यांच्या वाट्याला भाकर आलेली नाही, आणि ती त्यांनी मागितलेलीही नाही. त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत तुम्ही जिना उतरता.

सोमवारी डीकनच्या मागे तुम्ही पाटी घेऊन फिरताय. पाटी म्हणजे लाकडी चौकटीत ओतलेलं मेण. लेखणीच्या टोकाने नाव कोरायचं, चपट्या बाजूने ते पुसायचं. रोमचे सरकारी भाग १४. बिशप फाबियन यांनी ते सात डीकनांमध्ये वाटून दिले होते. हजेरी घेत घेत सगळ्या इमारतींचे जिने चढायचे, कारण मंडळीचे गरीब वरच राहतात. जितका वरचा मजला तितकं भाडं कमी. पाणी खालून भरायचं, आणि आग लागली तर उतरायला वाट नाही.

पाचव्या मजल्यावर साठी उलटलेली एक बाई दार उघडते. डीकन चौकशी करतो, आणि ती जरा टोचणारीच असते.

“आजी, मुलगा काही देतो का?”

“बंदरावर कामाला गेला तो गेलाच, बाबा. दोन वर्षं झाली.”

“नातेवाईक?”

“असते तर तुम्हाला कशाला जिने चढायला लावले असते?”

डीकन मान हलवतो. हा प्रश्न त्याला विचारावाच लागतो. ज्या विधवेला पोसणारं घरचं कुणी आहे तिचा भार मंडळीवर नको, असं प्रेषिताच्या पत्रातच सांगितलंय. तुम्ही नाव कोरता. आजी लगेच सांगते, “आणि खालच्या मजल्यावरच्या पोरीचंही लिहा. तापाने फणफणलीय, नवरा नाही, आपल्यातली नाही, पण लिहा.” यादीत नाव लागून क्षणही झाला नाही, तोच ती दुसऱ्याचं नाव पुढे करते. मंडळीतल्या विधवांचं कामच ते. प्रार्थना करायची, आजाऱ्यांच्या उशाशी बसायचं आणि कोणत्या दाराआड चूल पेटलेली नाही याची खबर द्यायची.

पुढच्या दारी लेखणी उलटी धरावी लागते. तिथला म्हातारा शनिवारी गेला.

रोममध्ये सरकारी धान्यवाटप आहेच. महिन्याला माणशी पाच मोदियस, म्हणजे साधारण ३३ किलो गहू, आणि तोही फुकट. पण ती यादी ठरलेल्या आकड्याची. ऑगस्टसच्या काळात ती सुमारे २,००,००० नावांवर थांबवली होती. नाव लागायचं तर नागरिक हवा, पुरुष हवा, आणि आधीच्या कुणाची तरी जागा रिकामी व्हायला हवी. विधवा, गुलाम आणि परगावचा माणूस त्यात बसत नाहीत. तुमच्या मेणाच्या पाटीवर नेमकी हीच माणसं आहेत.

बुधवारी उपास. शुक्रवारीही असतो. दुपारी तिसऱ्या प्रहरी, आपल्या घड्याळाने तीनच्या सुमाराला, तो सुटतो. पण उपासाचा हिशेब त्याआधी मांडायचा असतो. हर्मास नावाच्या रोमकराचं एक पुस्तक मंडळीत आवडीने वाचलं जातं. त्यात उपासाची रीत सांगितली आहे. भाकर आणि पाण्यावर राहा, एरवी त्या दिवशी जेवणावर जे खर्च केलं असतं त्याची रक्कम काढा आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. परटाची बायको तुम्हाला खाली गाठते आणि पदराच्या गाठीतली तांब्याची नाणी सोडते. मासळी, ऑलिव्ह, थोडा द्राक्षारस, असा तिचा तोंडी हिशेब चालू आहे. तेलाचे पैसे धरायचे की नाही यावर ती घुटमळते आणि शेवटी धरते. तुम्हीही उपाशी आहात, दिवसभर जिने चढताय, आणि तुमच्या पोटातली आग कुणाच्या तरी उद्याच्या पेजेत जमा झाली आहे.

गुरुवारी शहराबाहेर, आप्पियन मार्गावर. मृताला शहराच्या हद्दीत जागा द्यायची नाही हा रोमचा जुना कायदा. शनिवारी गेलेल्या म्हाताऱ्याला सोमवारीच इथे आणलं. आज एका तान्ह्या मुलीची पाळी. कॅलिक्स्टसच्या नावाने ओळखलं जाणारं हे दफनस्थान मंडळीचं आहे. कॅलिक्स्टस स्वतः एकेकाळी गुलाम होता. पुढे डीकन म्हणून त्याच्याकडे या जागेची देखरेख आली आणि नंतर तो बिशप झाला. पायऱ्या उतरलं की कुदळीचे घाव ऐकू येतात. खोदणारे दिव्याच्या उजेडात मऊ ज्वालामुखी खडकात बोळ काढतात. बोळाच्या दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कप्पे. प्रेत कापडात गुंडाळून आत सरकवायचं आणि तोंड विटेने किंवा संगमरवरी फळीने चुन्यात बंद करायचं. लहान कप्पे बरेच आहेत. रोममध्ये मूल जगणं हा नशिबाचा भाग.

रोममधल्या गरिबाला मरणाची धास्ती असते ती शरीर उघड्यावर टाकलं जाण्याची. म्हणून लोक दफनमंडळं काढतात. लानुवियम गावच्या अशा एका मंडळाचे नियम दगडावर कोरलेले आहेत. सन १३६ मध्ये तिथे शिरायला १०० सेस्टर्स आणि चांगल्या द्राक्षारसाचा एक रांजण द्यावा लागे, शिवाय दरमहा पाच आसची वर्गणी. वर्गणी थकली की हक्क गेला. आजच्या तान्हीच्या आईकडून खोदणाऱ्याने काही घेतलं नाही. रविवारच्या नाण्यांतली काही त्याच्याकडे आधीच पोचली आहेत. बोळाच्या कडेला फाबियन यांची कबर आहे. फळीवर ग्रीक अक्षरांत फक्त नाव आणि ‘बिशप’. सात डीकनांची व्यवस्था लावणारा हा माणूस २० जानेवारी २५० रोजी मारला गेला.

त्या जानेवारीत काय झालं, हे शुक्रवारी तुमच्या समोर येऊन उभं राहतं. सम्राट डेसियसचा हुकूम होता की राज्यातल्या प्रत्येकाने देवतांना बळी अर्पावा, अर्घ्य ओतावं, प्रसादाचं मांस चाखावं आणि तसं केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पुढे सापडणार आहेत. काही ख्रिस्ती नकार देऊन तुरुंगात गेले, काहींनी बळी दिला, काहींनी लाच देऊन दाखला मिळवला. सेलेरिनस नावाचा एक जण बेड्यांत होता. सुटल्यावर त्याने कार्थेजला मित्राला पत्र लिहिलं आणि दोन भगिनींसाठी रदबदली केली. एकीने बळी दिला होता. दुसरी कॅपिटॉल टेकडीच्या वाटेवर तीन दैवदेवतांच्या मूर्तींपर्यंत चढली आणि पैसे चारून परतली. पण आफ्रिकेतून हाकललेले ६५ ख्रिस्ती रोमच्या बंदरात उतरले तेव्हा त्यांना आणायला याच दोघी गेल्या आणि त्यांची उस्तवारही यांनीच केली.

त्यांच्यासारखीच एक बाई आज डीकनच्या दारात उभी आहे. रविवारी भाकर न मागता दाराशी थांबलेल्यांपैकी ही एक. तिच्या हातात कपड्यांचं गाठोडं आहे.

“हे नेऊन द्या. आणि विचारायचं होतं… माझं काही ठरलं का?”

प्रश्न साधा नाही. त्यावरूनच मंडळी दुभंगली आहे. नोव्हेशियन हे मंडळीचे एक विद्वान वडील, म्हणजे धर्मगुरू, म्हणतात की बळी देणाऱ्याला देव क्षमा करील तर करो, मंडळीला तो अधिकार नाही. आणि त्यांनी वेगळी चूल मांडून स्वतःला बिशप म्हणवून घेतलं आहे. यंदाच्या वसंतात निवडले गेलेले बिशप कॉर्नेलियस यांनी ६० बिशपांची सभा बोलावली. छळात श्रद्धेपासून ढळलेल्यांवर पश्चात्तापाचं औषध करायचं आणि त्यांना बरं करायचं, असं सभेने ठरवलं.

“ठरलं,” डीकन म्हणतो. “वेळ लागेल. पण दार बंद नाही.”

ती गाठोडं तुमच्या हातात देते आणि निघताना सांगते, “मासळीबाजारामागे एक आंधळा आहे. त्याचं नाव तुमच्याकडे नाही.” ती भाकरीच्या पंगतीत अजून नाही. तरी यादीत भर घालायचं तिने थांबवलेलं नाही, आणि डीकननेही तिला थांबवलेलं नाही.

शनिवारी सगळ्या पाट्या एकत्र येतात. अंत्युखियाचे बिशप फाबियस नोव्हेशियनकडे झुकत आहेत असं कळल्याने कॉर्नेलियस त्यांना सविस्तर पत्र पाठवणार आहेत. रोमची मंडळी कोणत्या बाजूला आणि केवढी आहे, ते त्यात आकड्यांनी सांगायचं आहे. लेखनिक बोरू सरसावून बसलाय. वडील ४६. डीकन सात. उपडीकन सात. अकोलाइट ४२, त्यात तुम्ही. भूत काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२. इथपर्यंत लेखणी कुठे अडत नाही.

“विधवा आणि गरजू?”

सातही भागांची माणसं एकदम बोलू लागतात. बेरीज होते, आणि कुणीतरी सांगतं की काल रात्री एक बाळंतीण वारली, तिची दोन मुलं राहिली. पुसा. लिहा. तुम्ही मासळीबाजारामागच्या आंधळ्याचं नाव सांगता. परत बेरीज. मग जिन्यावर पावलं वाजतात. बंदरावर एक गलबत लागलंय, त्यातल्या काहींना कुठे उतरायला जागा नाही.

“अहो, एक आकडा सांगा,” लेखनिक वैतागतो. “किती लिहू?”

“पंधराशेहून अधिक,” डीकन म्हणतो आणि उठून बंदराकडे जायला निघतो.

ते पत्र टिकतं. चौथ्या शतकात युसेबियस आपल्या मंडळीच्या इतिहासात त्यातला मजकूर उतरवून घेतो. पुढे अभ्यासक त्या आकड्यांवरून रोममध्ये तेव्हा ख्रिस्ती लोक किती असावेत याचे अंदाज बांधतात. सेवकांच्या संख्या माणसागणिक मोजलेल्या आणि गरिबांची तेवढी मोघम, हे त्यांनाही दिसतं. ती मोघम का राहिली ते तुम्हाला माहीत आहे, कारण आठवडाभर तुम्ही ती पाटीवर पुसली आणि कोरली आहे. पदांची संख्या भरते. सरकारी धान्याची यादी भरते. डेसियसची यादी तर भरावी आणि मिटावी म्हणूनच काढली होती, शेवटचा माणूस वेदीपुढे आला की ती पुरी झाली असती. ज्यांच्यासाठी सात जण शहर वाटून घेऊन जिने चढतात, त्यांची यादी भरली असं ज्या दिवशी कुणी म्हणेल, त्या दिवशी या मंडळीला रविवारी जमायचं कारण उरणार नाही.