हरळी: बांधावरून लॉनवर

आमच्या वडिलांनी उभा जन्म हरळी उपटण्यात घालवला, आणि मी तीच कल्याणजवळ २० गुंठ्यांत लावून चौरस फुटावर विकतोय. म्हणून आज औषध-खताची नोंद नाही, हरळीचा इतिहास.

घाटावर कुंदा आणि हरळी म्हणजे काळ्या रानाचे वैरी. मुळ्या इतक्या खोल की लाकडी नांगर वरवर ओरखडायचा, आणि तुटलेल्या प्रत्येक कांडीला नवा फुटवा यायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तो इथे कामाचा. पण लोखंडाने जमिनीला विष चढतं असा लोकांचा समज, त्यामुळे पहिले नांगर दोन वर्षं तसेच पडून होते म्हणतात. १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली, पुढे नांगर घरोघरी गेला.

आपल्या ठाणे-कल्याणकडे गोष्ट वेगळी. भातखाचरात चिखलणी आणि साचलेलं पाणी हरळीला जगू देत नाही. ती बांधावर राहते, बांध धरून ठेवते, गणपतीत दूर्वा देते. आपलं विकायचं गवत म्हणजे वरकसावरचं. १८५३ ला रेल्वे ठाण्याला आली, १८५४ ला कल्याणला. १८७४ ला मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. त्या घोड्यांना आणि तबेल्यांना वैरण लागायची, आणि इकडचं गवत तिकडे जायचं. १९०७ ला विजेची ट्राम आली, तबेले मात्र राहिले. म्हणजे शहराला गवत विकणं आपल्याला नवं नाही. फरक एवढाच, तेव्हा कापून द्यायचो, आता मुळासकट.

शोभेची हरळी मात्र सातासमुद्रापार घडली. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन हा पैदासकार १९३६ ला रुजू झाला. तिथले कापूसवाले हरळीला आपल्यासारखेच शिव्या घालायचे. कापसाच्या जुन्या रानात सापडलेली एक जोमदार हरळी घेऊन त्याने संकर केला, त्यातून १९४३ ला चाऱ्याची ‘कोस्टल’ आली. पुढे साध्या हरळीचा आफ्रिकेतल्या बारीक पानांच्या हरळीशी संकर होऊन मैदानांची टिफ-४१९ आली. तिला बी धरत नाही, काड्या टोकूनच लावावी लागते. म्हणजे जगभरची मैदानं एकाच रोपाची पिल्लं.

हाच बर्टन आपल्या ओळखीचा आहे बरं का! त्याच्या ‘टिफ्ट २३ए’ या नरवंध्य वाणावरून १९६५ ला लुधियानात देशाची पहिली संकरित बाजरी, एचबी-१, तयार झाली. उत्पादन उसळलं. मग सगळीकडे एकाच आईची बाजरी झाल्यावर सत्तरच्या दशकात गोसावी रोगाने झोडपलं. जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल.

आता माझं. नर्सरीत सिलेक्शन नंबर वन म्हणतात, ती मी लावली. भाव बरा मिळतो. ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्या घेतात, लग्नाचे हॉलवालेही घेतात (आपल्याकडे ‘लॉन्स’ म्हणजे हॉलच!). एका बिल्डरने दोन टॉवरच्या मध्ये घातली, सहा महिन्यांत पिवळी पडली, दोष माझा. हरळीला दिवसाला सहा-सात तास उघडं ऊन लागतं, टॉवरच्या सावलीत कसलं भागणार? तसं आधीच सांगितलं होतं. पैसे अडकलेत.

पण खरी काळजी दुसरी. गालिचा काढताना मुळ्यांसोबत निदान अर्धा इंच माती जाते. २० गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट. हिशोब केला तर दर काढणीला ९ ब्रास माती. दोन काढण्यांत १८ ब्रास! तीही वरची, शेणखताची. मातीचा ट्रक भरून विकला असता तर गावाने नावं ठेवली असती, गालिचा गुंडाळून नेला की कुणी विचारत नाही. वडील असते तर त्यांनी पहिल्याच गाडीला अडवलं असतं.

यंदा १० गुंठे भाताला परत केलेत. चिखलणी केल्यावर बघतो, हरळी किती वर येते ते. उरलेल्या दहात तळ्याचा गाळ आणि शेणखत पसरल्याशिवाय पुढची काढणी नाही. मातीचा थर मोजायला चार खुंट्या ठोकल्यात, दिवाळीनंतर आकडे इथेच टाकतो. गालिचे विकणारे अजून कुणी असाल तर तुमच्या रानात किती खाली गेलं, ते कळवा.